सल्ल्यावरचा पत्ता वाचायला शिकूया
(आहाराचे उलटसुलट सल्ले : आठवीच्या वर्गासाठी दोन तासिकांचा पाठ, पालकांसाठीही)



आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून तयार झाला आहे. म्हणून आधी ती चूक सांगते.

सकाळचा परिपाठ चालू होता. प्रतिज्ञा संपत आली आणि आठवीच्या रांगेतली एक मुलगी मटकन खाली बसली. तोंड पांढरंफटक, हात गार. तिला सावलीत नेलं, पाणी दिलं, कार्यालयात होता तो गूळ दिला. थोड्या वेळाने ती सावरली. विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?" म्हणाली, "काही नाही बाई. आमच्याकडे आता दोनदाच जेवायचं असतं. दुपारी एकदा आणि रात्री एकदा."

संध्याकाळी तिची आई भेटायला आली. मी जरा कडक आवाजातच विचारलं, "वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी का पाठवता?" त्या माउलीने मोबाईल काढला आणि पालकांच्या ग्रुपवरचा एक मेसेज दाखवला. 'दिवसातून फक्त दोनदा जेवा, वजन आणि मधुमेह दोन्ही दूर ठेवा.' पाठवणारी मी! "बाई, तुम्ही पाठवलं म्हटल्यावर मी दुसरा विचारच केला नाही," ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. तिची स्वतःची साखर 'बॉर्डरवर' होती. डॉक्टरांना विचारून तिने येता-जाता खाणं बंद केलं, चालायला लागली आणि तिला बरं वाटत होतं. म्हणजे जो सल्ला आईला मानवला, तोच मुलीला भोवला. मग तो सल्ला खरा म्हणायचा की खोटा?

या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही. आपण मुलांना 'कोणता सल्ला बरोबर' हे सांगायला धावतो. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : हा सल्ला कोणासाठी आहे? पत्रावर जसा पत्ता असतो, तसा प्रत्येक सल्ल्यावरही असतो. वय, काम, आजार, ताटात आधीच काय आहे, हा तो पत्ता. फॉरवर्ड होता होता मजकूर राहतो आणि पत्ता फाटून जातो. मी पाठवलेल्या मेसेजमध्ये 'हे कोणासाठी नाही' ही ओळच नव्हती.

सल्ले एकमेकांशी का भांडतात?

१) पत्ते वेगळे असतात

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित अशी जीवनशैली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवली : कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज चालणं. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत आल्या : थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं आणि हंगामातलं खा, तूप-भाताला घाबरू नका. एका बाजूला दोनदा, दुसऱ्या बाजूला दर दोन तासांनी! कितीतरी घरांत नवरा एका पंथाचा आणि बायको दुसऱ्या पंथाची झाली.

पण नीट ऐका. रोजच्या व्यायामावर दोघांचाही भर आहे. दिवसभर येता-जाता फरसाण आणि बिस्किटं तोंडात टाकत राहा, असं दोघांपैकी कोणीच सांगत नाही. आणि बसून काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या पन्नाशीच्या माणसाला दिलेला सल्ला तेरा वर्षांच्या धावत्या मुलीला लावायचा नसतो, हे तर आपल्या शाळेतली खिचडीसुद्धा सांगते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा निकष आहे. सहावी ते आठवीसाठी तोच १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं होतो. शाळा एक, पातेलं एक, तरी वयाप्रमाणे माप बदलतं.

आता एका घराचं ताट बघा. आजोबांना मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात असे सुमारे १०.१ कोटी लोक आहेत. त्याच घरात नात आहे, कॉलेजात जाणारी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. आजोबांना डॉक्टर म्हणतात, भात-पोळी मोजून घ्या, गोड टाळा. नातीला म्हणतात, पोटभर जेव, डाळी-उसळी-पालेभाज्या वाढव, जेवणावर लगेच चहा नको, लिंबू पिळून घे म्हणजे लोह अंगी लागेल. दोघांनी आपापले सल्ले एकमेकांना सांगितले तर भांडण होईल. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पत्ते वेगळे आहेत.

२) विज्ञान आपली चूक दुरुस्त करतं

"काल अंडं वाईट होतं, आज चांगलं झालं. यांचं काही खरं नाही!" असं आपण सहज म्हणून जातो. झालं काय ते बघू. रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर. म्हणून १९६८ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेने आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नका असं सांगितलं. पुढे कळत गेलं की शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, आणि बहुतेक लोकांच्या बाबतीत आहारातल्या संपृक्त चरबीचा परिणाम जास्त असतो. त्यामुळे अमेरिकेच्या २०१५-२० च्या आहार मार्गदर्शनातून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची ठरावीक मर्यादा काढली गेली. याचा अर्थ 'कितीही अंडी खा' असा मात्र नाही. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं.

उलट दिशेचं उदाहरण म्हणजे डालडा. १९३७ मध्ये आलेला हा वनस्पती तुपाचा डबा आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात मानाने बसला. तुपापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावली जायची. नंतर समजलं की तेल घट्ट करण्याच्या त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला घातक आहे. जानेवारी २०२२ पासून भारतात तेल आणि वनस्पतीमधल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. आज्या मूर्ख नव्हत्या. त्यांना तेव्हा जे माहीत होतं, त्यावर त्या चालल्या. मत बदललं म्हणून विज्ञानाला हसायचं नाही. कोणता नवा पुरावा आला म्हणून मत बदललं, ते विचारायचं. हे मुलांना आवर्जून सांगा.

३) 'धोका आहे' आणि 'किती धोका आहे' या दोन गोष्टी आहेत

जुलै २०२३ मध्ये बातमी आली : शुगर-फ्री पेयांतल्या ॲस्पार्टेममुळे कर्करोग होण्याची शक्यता! त्याच दिवशी दुसरी बातमी : ॲस्पार्टेमची जुनी मर्यादा कायम. दोन्ही बातम्या जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित तज्ज्ञगटांच्याच. मग खोटं कोण बोललं? कोणीच नाही. पहिल्या गटाचा प्रश्न होता, 'हा पदार्थ मुळात कर्करोग करू शकतो का?' उत्तर आलं, 'कदाचित. पुरावा मर्यादित आहे.' ज्या वर्गात तो ठेवला, त्याच वर्गात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे! दुसऱ्या गटाचा प्रश्न होता, 'रोज किती घेतलं तर चालेल?' उत्तर आलं, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत. ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅनपेक्षा जास्त प्यावे लागतील. वाघ जंगलात आहे की नाही, हा एक प्रश्न. तो आपल्या वाटेवर येण्याची शक्यता किती, हा दुसरा.

टक्क्यांचंही असंच. 'अमुक खाल्ल्याने धोका ५० टक्क्यांनी वाढतो' हे वाचून छातीत धस्स होतं. समजा, हजारात दोघांना होणारा आजार हजारात तिघांना होऊ लागला, तरी वाढ ५० टक्केच. आणि हजारात दोनशेचे तीनशे झाले, तरीही वाढ ५० टक्केच. म्हणून मुलांना एक सवय लावा. 'टक्के वाढले' असं वाचलं की विचारायचं, 'आधी किती होते?' हे आठवीचं गणितच आहे.

४) काही सल्ल्यांमागे दुकान असतं

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीवर वर्षानुवर्षं 'उंच, ताकदवान, हुशार' अशी जाहिरात चालली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळवलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका. कारण आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. ज्या शब्दावर विश्वास ठेवून आपण महिन्याच्या किराण्यात तो डबा घेत आलो, तो कायद्याचा शब्दच नव्हता.

दहा हजार पावलांचं काय? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलं मोजणारं'. आकडा तिथून जगभर पसरला. अमेरिकेत वयस्कर स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांनाही, अगदी कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका कमी दिसला. साधारण ७,५०० च्या पुढे तो आणखी कमी झालेला दिसला नाही. म्हणून दहा हजार चालू नये असं नाही, खुशाल चाला. पण गुडघे दुखणाऱ्या आजीची पाच हजार झाली तर तिला 'निम्मंच झालं' असं हिणवू नका. (आणि हा अभ्यासही वयस्कर स्त्रियांचा आहे, आठवीच्या मुलांचा नाही. पत्ता वाचला ना?)

मग वाद कशावर नाही?

एवढं वाचून मुलं म्हणतात, "म्हणजे कोणावरच विश्वास ठेवायचा नाही का?" तसं अजिबात नाही. तज्ज्ञ ज्यावर भांडतात त्याची बातमी होते. ज्यावर ते एकमताने बोलतात, त्याची होत नाही. ती यादी फळ्यावर जरूर लिहा :

• ताटात विविधता हवी. भाकरी किंवा पोळी, डाळ किंवा उसळ, भाजी, कोशिंबीर, जमेल तसं दूध-दही, आणि ज्यांच्याकडे चालतं त्यांच्यासाठी अंडी-मासे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतली पहिलीच संतुलित आहारासाठी नाना प्रकारचे पदार्थ खाण्याबद्दल आहे.
• मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा. यात लोणचं, पापड, चिवडा आणि वेफर्समधलंही मीठ धरायचं.
• वरून घातलेली साखर शक्य तितकी कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसासाठी ती दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत असेल तर जास्त चांगलं.
• मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं.
• १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि सकाळी सातची शाळा, हे गणित जमत नाही.
• तंबाखू आणि गुटखा कोणाच्याच पत्त्यावर नाही.

या यादीत विकत घ्यायचं असं फारसं काही नाही. म्हणूनच तिची जाहिरात कोणी करत नाही.

वर्गातली कृती (दोन तासिका)

पूर्वतयारी : प्रत्येक मुलाने घरून आहाराविषयीचा एक सल्ला जसाच्या तसा लिहून आणायचा. आजीचा, शेजारच्या काकूंचा, टीव्हीवरचा, मोबाईलवरचा, कोणताही चालेल. शिवाय कोणत्याही खाऊचं एक रिकामं वेष्टन आणायचं.

पहिली तासिका : फळ्यावर भांडणाऱ्या जोड्या लावा. माझ्या वर्गात 'रात्री दही खाऊ नये' आणि 'जेवणाचा शेवट दहीभाताने करावा' ही जोडी निघाली. 'केळ्याने सर्दी होते' आणि 'रोज एक केळं खा' हीसुद्धा. मग प्रत्येक गटाला एक सल्ला द्या आणि त्याचा पत्ता शोधायला सांगा. पाच प्रश्न पुरतात :

१. हे कोण सांगतंय आणि त्याला हे कसं कळलं?
२. हे कोणासाठी आहे? कोणासाठी नाही?
३. किती आणि किती दिवस?
४. हे ऐकलं तर आपण काय सोडणार आणि त्याच्या जागी काय खाणार?
५. यातून कोणाचं काही विकलं जातंय का?

चौथ्या प्रश्नावर जरा रेंगाळा. 'भात सोडा' हे ऐकून भाताच्या जागी ज्वारीची भाकरी आली तर एक परिणाम, टोस्ट-बिस्किटं आली तर दुसरा. सोडलेल्या पदार्थाची जागा कधी रिकामी राहत नाही.

दुसरी तासिका : वेष्टनं काढा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीनात काय आहे ते वाचा. मग १०० ग्रॅममागची साखर बघून पुड्यातली साखर काढा. समजा १०० ग्रॅमला २५ ग्रॅम साखर आहे आणि पुडा ६० ग्रॅमचा आहे, तर पुड्यात १५ ग्रॅम. चार ग्रॅमचा एक चमचा धरला तर पावणेचार चमचे! तेवढी साखर एका वाटीत काढून दाखवा. फार बोलावं लागत नाही.

या तासाला एका मुलाने माझी शिकवणी एका वाक्यात आटपली. दोनदा जेवायच्या सल्ल्यावर चर्चा चालली होती. तो म्हणाला, "बाई, म्हणजे पार्सल चांगलंच होतं, पण चुकीच्या घरी गेलं."

शिक्षकांनी सांभाळायच्या गोष्टी

• कोणाच्याही वजनावर, जाडीवर, उंचीवर वर्गात बोलू नका. मुलींच्या मनावर हे ओरखडे फार काळ राहतात.
• डबे तपासून 'चांगला-वाईट' ठरवू नका. ज्याच्या डब्यात रोज भाकरी आणि ठेचाच असतो, त्याला 'विविधता नाही' म्हणून खाली बघायला लावलं तर पाठ हरला. त्या भाकरीचं मोल आधी सांगा. मग जवळ, स्वस्तात काय मिळू शकेल ते बोला : शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, पेरू.
• शाकाहार श्रेष्ठ की मांसाहार, हा वाद वर्गात लावू नका. प्रत्येक घराच्या ताटातून संतुलित आहार जमवता येतो.
• आजाराचा प्रश्न आला तर उत्तर एकच : डॉक्टर.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी

घरात मोठ्यांनी जेवणाची नवी पद्धत सुरू केली तर मुलांना तिच्यात आपोआप ओढू नका. सकाळच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पोटात काहीतरी असू द्या : दूध-पोळी, उपमा, रात्रीच्या पोळीचा कुस्करा, काहीही. आणि घरात कोणाला मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा मनाने बदलू नका. औषध तेच ठेवून जेवण कमी केलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तसंच कारल्याच्या रसावर विसंबून गोळी बंद करू नका. अशी वेळ आली तर फॉरवर्ड पाठवणारा दवाखान्यात येत नाही.

त्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. आता ती सकाळी खाऊन येते. तिची आई अजून चालायला जाते आणि स्वतःपुरती पद्धत डॉक्टरांच्या सल्ल्याने पाळते. मी ग्रुपवर दुरुस्तीचा मेसेज टाकला : 'माझा आधीचा सल्ला मुलांसाठी नव्हता. तसं न लिहिता पाठवला, ही माझी चूक.' पहिल्या मेसेजला भरभरून अंगठे आले होते, दुरुस्तीला मोजून चार. पण त्यातला एक त्या आईचा होता.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. आरोग्याचा कोणताही मेसेज पुढे पाठवण्याआधी वरचे पाच प्रश्न त्याला विचारायचे. उत्तरं मिळाली नाहीत तर तो माझ्याच फोनवर थांबतो. शिक्षकाच्या नावाने गेलेला सल्ला पालक न तपासता घरात घेतात, म्हणून ही जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा थोडी जास्त आहे.

घरचा अभ्यास (मुलांसाठी आणि आपल्यासाठीही) : आज मोबाईलवर आलेला आहाराचा एक सल्ला वहीत उतरवा, त्याखाली 'कोणासाठी?' असं लिहा आणि उत्तर शोधा.